पहिली वेलांटी

सोमवार, ११ ऑगस्ट १९९७

आज शेठनी केबिनमध्ये बोलावलं. "शेटे, नव्या मशिनची लायब्ररी दसऱ्यापर्यंत ठरली पाहिजे. तुम्ही आणि शुभांगी मिळून बघा."

मिळून! नगरच्या एमआयडीसीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं दुधाची फॅट मोजायची मशिनं बनताहेत, आणि त्यांतला एकूण एक प्रोग्रॅम या आदिनाथ शेटेनं लिहिलाय. तेव्हा कुणाला 'मिळून' आठवलं नाही. जूनमध्ये ही शुभांगी भालेराव आली, जामखेडची, वय चोवीस, आणि आता सगळं मिळून. हा तर सरळ सरळ मला बाजूला सारायचा डाव वाटतो.

जुन्या मशिनवर नुसते लाल आकडे दिसायचे. नव्यावर तळहाताएवढा डिस्प्ले आहे, त्यावर अक्षरं, चौकटी, चित्रं, हवं ते काढता येतं. हे काढून देणारा तयार प्रोग्रॅम म्हणजे लायब्ररी. (आईला सांगितलं तर म्हणाली, "कंपनीत वाचनालय कशाला रे काढता?") ती परदेशी विकत घ्यायची की इथंच लिहायची, एवढाच प्रश्न आहे. दूध संघाची अट अशी की डिस्प्लेचं तोंड दूध घालणाऱ्याकडं पाहिजे आणि त्यावर त्याचं नाव, लिटर आणि फॅट मराठीत दिसलं पाहिजे. डेअरीचा सचिव फॅट कमी लावून पैसे मारतो असं गावोगाव प्रत्येकाला वाटतं, म्हणून. मलाही वाटतं.

पहिलं मशीन आमच्याच बोरवाडीला लागणार आहे, सोनईच्या पुढं चार किलोमीटर. आई तिथं दोन्ही वेळा दूध घालते. वडील जाऊन तीन वर्षं झाली तरी खातं अजून रंभाजी शेटे याच नावावर आहे. ते तिच्या नावावर करायचा अर्ज मी लिहून देणार होतो, राहून गेला. परवा म्हणाली, "नव्या मशिनीत माझं नाव येईल का?" म्हटलं, नाव बिव बसत नाही, नंबरच राहील. तिनं पुढं काही विचारलं नाही.

ही वही ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवतो. घरी ठेवली तर बायको वाचेल, सीमा.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पुण्याहून चेतन नावाचा एजंट आला होता, परदेशी लायब्ररी विकणारा. माणूस फार हुशार. माझ्या जुन्या मशिनचा प्रोग्रॅम पाच मिनिटं बघितला आणि म्हणाला, "सर, तुमच्यासारखा माणूस नगरमध्ये काय करतोय?" मी त्याला दुसरा चहा मागवला.

त्याची लायब्ररी बघून डोळे दिपले. बटणांना सावल्या, खिडकीवर खिडकी, सरकणारी पट्टी. शुभांगीनं सगळं बघितलं आणि एकच विचारलं, "मराठी नावं नीट येतील का? ळ? वेलांट्या?" चेतन हसला. "मॅडम, फाँट टाकला की सगळं येतं." बरोबरच आहे. एवढी मोठी कंपनी वेलांटीला अडणार आहे का? पण या बाईचा चेहरा काही खुलला नाही. स्वतःची लायब्ररी स्वतः लिहिते म्हणते. चार महिन्यांची नोकरी नाही आणि लायब्ररी लिहिते! हिला नाव कमवायचंय, दुसरं काय.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

ती ड्रॉवरला कुलूप लावते. जेवायला गेली तरी लावते. एवढं काय असतं एका नव्या मुलीच्या ड्रॉवरमध्ये?

आज मी मागून गेलो तेव्हा टेबलावर आलेखाचा कागद पसरला होता आणि ती पेन्सिलीनं एकेक चौकोन काळा करत होती. मोठाल्या अक्षरांचे तुकडे. मला बघून कागद उलटा केला नाही, पण हात मात्र थांबला. विचारलं, "हे काय?" म्हणाली, "अक्षरं काढतेय, सर. बाबा पाट्या रंगवतात ना, त्यांच्याकडून शिकले. वेलांटी आधी काढायची असते."

वेलांटी आधी! अक्षराच्या आधी वेलांटी? मला वेडं समजते की काय. पेंटरची पोरगी आता मला मुळाक्षरं शिकवणार.

बुधवार, ३ सप्टेंबर

बोरवाडीला जाऊन आलो, मशीन कुठं बसवायचं त्याची मापं घ्यायला. शेठनी तिलाही बरोबर धाडलं.

सचिव कानिफनाथ हात जोडून पुढं. "या, या, आदिनाथराव. मशीन आनलं की आमच्यावरचा आळ तरी जाईल." त्याच्या हसण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

मी मापं घेत होतो तेव्हा ही बाई आमच्या ओट्यावर आईशेजारी बसलेली. तास दीड तास. आई तिला तिची वही दाखवत होती, साक्षरतेच्या वर्गातली, तीच ती 'कमळ बघ' वाली. मी जवळ गेलो तर दोघी गप्प.

"काय चाललंय?"

"तुला न्हाई सांगायचं," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. मग पोरीला लसणाची चटणी बांधून दिली. मला विचारलंसुद्धा नाही की तुला पाहिजे का.

परत येताना जीपमध्ये मी आडून विचारलं, आई काय म्हणत होती? "मावशी खूप छान आहेत," एवढंच. माझ्या आईकडून हिला काय काढून घ्यायचंय? सचिवाशीही बाहेर पाच मिनिटं बोलली, हातात कसला तरी कागद होता. त्यानं सही केली. मी लांबून बघितलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

दोन्ही लायब्रऱ्या शेठसमोर चालवून दाखवल्या. चेतनची म्हणजे लग्नातली आरास. शुभांगीची अगदीच साधी, पांढऱ्यावर काळी अक्षरं, एक चौकट, बस्स. अक्षरं मात्र ठसठशीत, हे मान्य करतो. चिपमध्ये जागाही चेतनच्या लायब्ररीच्या पाव हिस्साच लागते. शेठ म्हणाले, "शेटे, तुम्ही सिनियर. लेखी द्या, कुठली."

मी चेतनची लिहून दिली.

इथं एक गोष्ट लिहितो, बाहेर बोलणार नाही. चेतनच्या लायब्ररीत 'लिटर' लिहिलं तर वेलांटी ल सोडून ट वर जाते आणि 'लटिर' दिसतं. प्रोग्रॅमला जसं क्रमानं दिलं तसं ते काढतं, आधी ल, मग वेलांटी. मी तो शब्द हातानं उलटा टाइप केला, वेलांटी आधी, ल नंतर. आता 'लिटर' छान दिसतं. डिस्प्लेवरचे ठरलेले शब्द दहा-बारा, सगळे तपासले. कुणाच्या लक्षात येणार आहे? नावं येतील ती सचिवाच्या कॉम्प्युटरवरून. तो बघून घेईल.

शनिवार, २० सप्टेंबर

मला रीतसर धक्का बसलाय. क्रमानं लिहितो.

शुभांगी आज रजेवर, जामखेडला गेली. आमची सगळी टेबलं एकाच लॉटमधली. माझ्या ड्रॉवरची चावी तिच्या ड्रॉवरला लागते, हे मला ती आली त्या दिवसापासून माहीत आहे. आज लावून बघितली. कंपनीच्या हितासाठी.

आत आलेखाचे कागद, एक फ्लॉपी, एक छोटी वही. फ्लॉपीवर शाईनं लिहिलंय: 'भागि'. वहीत शेवटच्या पानावर: 'भागि – पक्कं. कानि – पक्कं. मशीन लागेपर्यंत शेटे सरांना सांगायचं नाही.'

भागि म्हणजे भागीदार, आणखी काय! घाईत वेलांटीसुद्धा चुकली आहे तिची. आणि कानि म्हणजे कानिफनाथ, तो लबाड. म्हणजे ओट्यावरचं कुजबुजणं, ती सही, सगळं जुळलं. ही मुलगी आमचा प्रोग्रॅम शिकून सचिवाच्या भागीदारीत स्वतःची मशिनं काढणार. तरीच कुलूप. तरीच माझ्यापासून लपवायचं.

सीमाला सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्ही त्या पोरीचं ड्रॉवर उघडलंत?" म्हटलं, मुद्दा तो नाही. "मग मुद्दा काय?" म्हणाली. "तुम्ही तर दूधवाल्याच्या मापातही वाकून बघता. माझ्या डब्यातली चवली कमी झाली तरी कामवालीच्या आधी माझ्याकडं बघता." हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

शेठना सांगितलं. न सांगून भागणारच नव्हतं. शेठनी तिला बोलावलं, मी तिथंच होतो.

"शुभांगी, भागि म्हणजे काय?"

ती शेठकडं नाही, माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरलेले नव्हते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. नुसती बघत होती.

"सर, माझं ड्रॉवर कुणी उघडलं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"सांगणारच होते मी, मशीन लागलं की. कुणाला तरी शब्द दिला होता म्हणून थांबले होते. पण आता माझ्या तोंडून नाही सांगणार. ज्यांना कुलूप उघडता येतं, त्यांना फ्लॉपी पण उघडता येईल." असं म्हणून तिनं फ्लॉपी आणून शेठच्या टेबलावर ठेवली, आणि संध्याकाळी राजीनामा. पुण्यात कुठंतरी दिवाळीनंतर लागणार आहे म्हणे.

बघा, भागीदाराचं नाव सांगितलं नाहीच! मनात काही नसतं तर सांगायला काय झालं होतं? शेठ म्हणाले, "शेटे, फ्लॉपी बघा एकदा." मी म्हणालो, चिडून गेलेल्या माणसाची फ्लॉपी मी आपल्या कॉम्प्युटरला लावणार नाही, व्हायरस असणार. लोखंडी कपाटात टाकून ठेवली.

आज मला हलकं वाटायला पाहिजे होतं. वाटत नाहीये. तिचं टेबल पुसून ठेवलंय, त्यामुळं शेड उगाच मोठी दिसते.

बुधवार, १५ ऑक्टोबर

बोरवाडीला मशीन लागलं. डिस्प्ले झकास. सावल्यांची बटणं बघून पोरं खिडकीशी जमली. नावांची यादी अजून मशिनमध्ये भरली नाही, त्यामुळं नुसते नंबर दिसतात. आईचा एकशेबेचाळीस. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "ती पोरगी न्हाई आली?"

"नाही, काम आहे तिला."

"मशीन लागंल तवा येते म्हनली हुती." आणि किटली घेऊन गेली.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काय लिहू.

कानिफनाथनं काल यादी भरली. आज सकाळी मी मुद्दाम खिडकीच्या आत उभा होतो. रांगेत पाच-सहा जणांनंतर आई आली. आज तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मला वाटलं सण आहे की काय. नंतर कळलं, खातं तिच्या नावावर झालंय. गेल्याच महिन्यात. अर्ज शुभांगीनं लिहून दिला होता आणि कानिफनाथनं त्यावरच सही केली होती. मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे मी विचारलंही नव्हतं.

आईनं दूध ओतलं, आणि काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेली.

"भा... ग... रि... थी."

पुन्हा लावलं. मग सचिवाला म्हणाली, "ही कोन?"

"तुमीच की काकू. एकशेबेचाळीस."

"मी भागिरथी. पहिली वेलांटी ग ला. ही र ला हाय. ही दुसरी बाई हाय."

मागं राहीबाई उभी होती, हातात किटली. ती मोठ्यानं म्हणाली, "मंजी काकूचं दूध दुसरीच्या नावावर चाललंय का काय?" झालं! रांग मोडली. भागरिथी नावाची बाई गावात न्हाईच, मंजी बोगस खातं हाय, किती दिसापासून हाय, फॅट कुनाच्या घशात चाललीय, एकदम गलका. कानिफनाथ घामाघूम. "आरं बाबांनो, हे बगा, माझं बी खातं काढून दाखवतो," म्हणून त्यानं बटण दाबलं. डिस्प्लेवर आलं: कानफिनाथ. कुणीतरी खो खो हसलं आणि दुसरा लगेच ओरडला, "हा बी दोन नावांनी हाय!"

मी पुढं झालो. "आई, तूच आहेस ती. अक्षर सरकलंय नुसतं."

"कुनी सरकवलं?"

मी रुमालानं काच पुसायला लागलो.

"मशीन कुनी केलं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आई रिकामी किटली उचलून म्हणाली, तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "तीन वर्सं नवऱ्याच्या नावानं दूध घातलं, काई बोलले न्हाई. आता कुन्या भागरिथीच्या नावानं घालू? माझं नाव मला लिवता येतंय, बाबा. तुमच्या मशिनीला येत न्हाई." आणि घरी गेली. संध्याकाळचं दूध तिनं घातलं नाही. विरजण लावलं.

सोमवार, २० ऑक्टोबर

परवाच पुण्याला फोन केला. चेतन म्हणतो, "सर, एका वेलांटीनं काय फरक पडतो? वाचणारा समजून घेतो."

मी म्हणालो, वाचणारी माझी आई आहे आणि ती समजून घेत नाहीये. तो हसला. पुढच्या आवृत्तीत बघू, मार्चमध्ये. आतला प्रोग्रॅम मला उघडून दुरुस्त करता येत नाही, ते त्यांचं गुपित. मग यादीतच नावं उलट टाइप करून बघितली, वेलांटी आधी. डिस्प्ले सुधारला, पण तीच यादी बिलावर छापली जाते, तिथं सगळी नावं मोडली. दोन दिवस यात गेले.

शेठ आज आवाज चढवून बोलले, नऊ वर्षांत पहिल्यांदा. पाडव्याला संघाचे लोक बोरवाडीला येणार. तोवर नावं नीट आली नाहीत तर सगळी ऑर्डर दुसरीकडं. बोरवाडीत निम्म्या बायांनी दूध बंद केलंय. कानिफनाथच्या दारावर कुणीतरी कोळशानं 'कानफिनाथ' लिहून ठेवलं.

त्याचं मला वाईट वाटलं. यात तरी त्याचा दोष नव्हता.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

कपाटातली फ्लॉपी काढली. व्हायरससाठी तीन वेळा तपासली. निघाला नाही.

आत तिची लायब्ररी, पुरी झालेली. आणि एक नावांची यादी, तपासणीसाठी. बोरवाडीतल्या एकसष्ट बायांची नावं. चांगुणा, राहीबाई, रंगुबाई, बनुबाई. पहिलं नाव भागिरथी. सगळ्यांत शेवटी एकच पुरुष, कानिफनाथ.

भागि. कानि. ग ची वेलांटी, न ची वेलांटी. भागीदार नाही, काही नाही.

प्रोग्रॅममध्ये ती अधूनमधून इंग्रजी अक्षरांत मराठी टिपा लिहायची. वेलांटी काढायच्या जागी लिहिलंय: 'पहिली वेलांटी आधी काढणे, मग अक्षर. बाबा पाटी रंगवताना तसंच करतात, नाहीतर वेलांटीला जागा उरत नाही.' त्याखाली: 'भागिरथी मावशी: शब्दकोशात ग ला दुसरी आहे. पण मावशींना मास्तरांनी पहिली शिकवली आणि त्या पहिलीच लिहितात. दुरुस्त करू नये.' आणि त्याखाली: 'मावशींना शब्द दिला आहे, त्यांचं नाव त्यांनी स्वतः वाचेपर्यंत शेटे सरांना सांगायचं नाही. सर म्हणाले होते नाव बसत नाही. त्यांना दाखवायचंय की बसतं.'

मला लाज वाटली. इथं कुणी बघत नाही म्हणून लिहितो, फार लाज वाटली. टेबलावर डोकं ठेवून बसलो.

तरी मेला माझा स्वभाव. थोड्या वेळानं मनात आलंच, एवढं सगळं ही कशाला करत असेल, हिचा काय फायदा? उत्तर काही सापडलं नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

शेठना सांगितलं की फ्लॉपीतली लायब्ररी चालते, पाडव्याच्या आत बसवतो.

"आणि ते भागि काय होतं?"

"माझी आई," म्हणालो.

शेठ बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. मग म्हणाले, "जा, कामाला लागा."

शनिवार, १ नोव्हेंबर. पाडवा

संघाचे लोक आले होते, पण मला त्यांचं काही आठवत नाही. आई यायला तयार नव्हती. मी घरी जाऊन म्हणालो, एकदा वाच, चुकलं असेल तर मशीन उचलून नेतो. ती रोजच्याच लुगड्यात आली.

दूध ओतलं. बोट काचेवर. "भा. गि. र. थी." मग बोट मागं नेऊन वेलांटीवर ठेवलं आणि ती कुठून निघून कुठं टेकते ते गिरवून बघितलं. शंका फिटेपर्यंत गिरवलं. ही सवय मला कुठून आली ते आज कळलं.

"हाय," म्हणाली. "माझंच हाय." आणि राहीबाईकडं वळून, "ये गं, तुझं बघ."

रांग पुन्हा लागली. कानिफनाथनं सगळ्यांना पेढे वाटले, मला वाटताना मात्र हात जरा आखडता घेतला. घेऊ दे.

घरी ओवाळून झाल्यावर आई म्हणाली, "तिनंच काढलं ना नाव? कवा येनार ती?"

"आई, ती कंपनी सोडून गेली."

"का?"

सांगायला दुसरं काहीतरी तोंडात तयार होतं. पण नाही सांगितलं. म्हणालो, "मी घालवली. संशय घेतला, तिचं ड्रॉवर उघडलं, शेठला सांगितलं."

आईनं ताटातलं निरांजन शांत केलं, वात काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "जामखेडची यष्टी कितीला हाय?"

"कशाला?"

"तू एकला गेलास तर दारातून हाकलतील. मी येते संगं."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

जामखेडला जाऊन आलो. स्टँडच्या मागच्या गल्लीत भालेराव पेंटरचं दुकान. वडील जमिनीवर बसून एका किराणा दुकानाची पाटी रंगवत होते. आधी वेलांटीचा बाक काढला, ब्रश उचलला, मग त्याच्या पोटात अक्षर बसवलं. मी उभ्या उभ्या बघत होतो.

शुभांगी आतून आली. "मावशी! आलं का नाव?"

"आलं. पहिली वेलांटी, ग ला."

दोघी एकमेकींचे हात धरून हसत सुटल्या. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. वडील म्हणाले, "बसा साहेब. त्या पाटीला टेकू नका, ओली आहे." पाणी आलं, फराळ आला. मी फराळाला हात लावला नाही. एसटीत घोकून ठेवलं होतं, त्यातलं अर्धंच बाहेर पडलं. "शुभांगी, तुझं ड्रॉवर मी उघडलं. माझी चावी लागते तुझ्या कुलपाला. चूक झाली. शेठ म्हणालेत, परत ये. मीही म्हणतो."

"पुण्याला दहा तारखेला हजर व्हायचंय, सर," ती म्हणाली. राग नव्हता आवाजात, तेच जास्त लागलं. "आणि चावीचं मला माहिती होतं. पहिल्या आठवड्यातच कळलं."

"मग तू त्यात सगळं ठेवायचीस कशी?"

"सर, तुमची चावी माझ्या ड्रॉवरला लागते म्हणजे माझीही तुमच्या ड्रॉवरला लागते ना. मी चार महिने तुमच्या शेजारी बसत होते. मला वाटलं, जसं मी उघडत नाही, तसं तुम्हीही नाही उघडणार."

नऊ वर्षं मशिनं बनवतो मी, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ही वही तेव्हा माझ्या त्याच ड्रॉवरमध्ये होती. पेंटरची पोरगी, तिचा डाव, सगळं हिच्यात लिहिलेलं.

आईनं तिला चटणीचा डबा दिला. तिनं आईला वाकून नमस्कार केला, मला 'या सर' म्हणाली. तीनच्या गाडीनं आम्ही परत आलो.